हिरव्या फितीचा क्रेट

४ ऑक्टोबर
मंद्रूप. आप्पांशिवायची पहिली तोडणी. फाल्गुनात गेले, तरी बागेत शिरताना हाक मारायला तोंड उघडलंच. आई ओट्यावरून उठली नाही. "मला न्हाई बघवत तितं." मलाही बघवत नव्हतं. पण सरांना दुसऱ्या हंगामाचे आकडे हवेत, त्याशिवाय प्रबंध जमा होत नाही.
मागच्या वर्षी आप्पा क्रेट भरून तयार ठेवायचे, मी नुसती द्रावणात बुडवायला. यंदा सीताफळं शिवलिंगमामांनी तोडली (आप्पांबरोबर तीस वर्षं बागेत कामाला), क्रेट मी भरले. हिरव्या फितीचा लेपाचा, लाल फितीचा बिनलेपाचा. वहीत ले. आणि बि.
द्रावण कालच लॅबमध्ये केलेलं, छान दुधाळ. त्यात डोळ्यांना न दिसणारे कण असतात आणि ते फळ राखतात, हे आप्पांना शेवटपर्यंत पटलं नाही. कोळंबीच्या टरफलापासून करतात म्हटल्यावर मात्र लगेच पटलं. "आईला सांगू नगंस." अजून सांगितलेलं नाही.

७ ऑक्टो.
खोलीवरून लॅबला चालत. शुक्रवार पेठेत रस्ता खणलाय. बि. मऊ, ते होणारच. पण ले. दाबली तरी बोट आत जातंय. पुन्हा दाबून पाहिली. तेच.

८ ऑक्टो.
ले. काळी पडायला लागली, बि. कालच पडली होती. म्हणजे फरक फार तर एका दिवसाचा. मागच्या वर्षी आठव्या दिवशी घट्ट होती. आप्पा मुद्दाम लॅबमध्ये आले होते बघायला, धोतर-टोपी, हातात डबा. सगळ्यांसमोर एक फोडून खाल्लं. "साखर हाय की."
लॅबमधली निशा म्हणते द्रावण बिघडलं असेल. तपासलं, कणांचा आकार बरोबर. तिला उगाच टाकून बोलले. माफी मागायची आहे.

१६ ऑक्टो.
चार दिवसांपूर्वी दुसरी तोडणी, नवं द्रावण; आज तीच गत. एक दिवस. निशाची माफी मागितली. तिनं चहा पाजला.

१८ ऑक्टो.
मंद्रूप. मामांना विचारलं, यंदा बागेला पाणी जास्त झालं का.
"न्हाई की. पर तू माळावरची आन् हिरीकडची एकात कालवलीस."
म्हटलं, तसंच करायचं असतं मामा, माळावरची नि विहिरीकडची दोन्ही क्रेटांत सारखी.
"आप्पा न्हाई कालवायचे. हिरव्या फितीत समदी माळावरची, हातानं दाबून दाबून घेतल्याली. ती टिकत्यातच, वर्षाक्का. लालमदी हिरीकडची, पानचट. म्हनायचे, पोरीचं औषद टिकलं पायजे."
कौतुकानं सांगत होते. मी बांधावरच बसले. मामांना वाटलं, आप्पांच्या आठवणीनं रडतेय. तेही खोटं नाही.

१९ ऑक्टो.
कुठला क्रेट कशाचा हे भरणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवतात. दुसऱ्याच्या बागेत मी सांगितलं नसतं. घरच्या माणसापासून काय लपवायचं, म्हणून फिती आधीच बांधून दिल्या. "तुजा कंचा?" म्हणाले. मी हिरवा दाखवला.
आज आप्पांचा राग आला. ते गेल्यापासून पहिल्यांदा. खूप राग आला आणि मग खूप रडले.
मागच्या वर्षीची वही काढली. पहिल्या दिवशीची नोंद, माझंच अक्षर: "ले. आकारानं लहान, घट्ट." म्हणजे मला दिसलं होतं. विचारलं नाही. निकाल इतका चांगला येत होता…

२१ ऑक्टो.
आईला सगळं सांगितलं, लेखी कळवावं लागेल हेही. सांगायला नको होतं असं नाही, पण जेवायच्या आधी नको होतं.
"मेलेल्या मानसाला कागदावर खोटं पाडतीस व्हय?"
म्हटलं, आप्पा खोटे नव्हते गं.
"मग काय हुतं?"
मी ताटं तशीच झाकून ठेवली.
जूनमध्ये छापून आलेला माझा लेख तिनं देवघरात ठेवलाय. शेवटी आभारात आप्पांचं नाव आहे, तेवढंच तिला मी दाखवल्यामुळं ओळखू येतं. सगळं इंग्रजीत. त्या ओळीला हळदकुंकू लावलंय.

२४ ऑक्टो.
सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले: मागच्या वर्षीचे आकडे रद्द, लेख मागे घ्यायचा, प्रबंध वर्षभर लांबणीवर. "एक दिवस हाही निकालच आहे, वर्षा." खरं आहे. लांबच्या बाजाराला माल पाठवणाऱ्याला एक दिवससुद्धा मोठा. पण मला कसलाच आनंद होईना.
विद्यापीठाच्या फॉर्मवर लेखी कारण द्यायचंय. "शेतमजुराकडून निवडताना चूक झाली असं लिहा. वडिलांना कशाला आणता मध्ये?" चांगल्या मनानंच म्हणाले. पण शेतमजूर म्हणजे कागदावर मामा होतात. ज्यांनी खरं सांगितलं ते.

२५ ऑक्टो.
आईचा फोन नाही. मी केला, तिनं उचलला नाही. मामांनी उचलला. "जेवली की. तू जेव."
आप्पा असते तर त्यांना सांगितलं असतं की निकाल वाईट आला तरी चालतो. नापास झालं तरी चालतं. हे मी त्यांना कधी बोललेच नाही. दहावीपासून दर निकालाला पेढ्यांचा पुडा आधीच आणून ठेवणारा माणूस. त्याला कसं कळणार?

२७ ऑक्टो.
फॉर्म भरायला बसले. रकाना: नमुने कोणी भरले. लिहिलं, वडिलांनी. तेवढं जमलं.
पुढचा रकाना: कारण. दोन ओळींची जागा. आधी लिहिलं, नमुने निवडताना पक्षपात. बरोबर आहे, त्याला हेच म्हणतात. खोडलं. मग लिहिलं, मुलीचं काम यशस्वी व्हावं म्हणून. वाचलं. हे वाचून कार्यालयात कुणीतरी हसेल. तेही खोडलं. मग, माझी चूक. ते पुरेसं नाही. आणि आप्पांना ते आवडलं नसतं.
आता त्या रकान्यात जागाच उरली नाही. सरांकडे दुसरा फॉर्म मागावा लागेल. ते केबिनमध्येच होते, मी दारापर्यंत जाऊन परत आले. आधी ती ओळ ठरू दे.