साठ आणि एकशेवीस अंशांची गुढी

नोएडा

ती. शंकरमामांना शशिकांतचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता मामींपेक्षा कमी कुरकुरत असेल अशी आशा करतो. इकडे सगळे मजेत आहोत. आणि मामा, तुमचा निकाल आम्ही फिरवला, हे आधीच सांगून टाकतो.

उत्तरा अकरावीच्या गणितात नापास झाली तेव्हा तुम्ही (जन्मभराच्या मास्तरकीच्या अधिकारात) फोनवर म्हणालात, "पोरीला गणित सोडायला लाव." फेरपरीक्षेत गचकली असती तर सोडावंच लागलं असतं. अडायची एकाच ठिकाणी: साठ अंशांचं जे साइन, तेच आणखी कोणत्या कोनाचं? पाठ केलेलं एकशेवीस ती लिहायची आणि पटत नाही म्हणून खोडायची.

अशात पाडवा आला. आमची गुढी सरळ उभी केली तर बाल्कनीच्या छताला आपटते, म्हणून दरवर्षी ती उजवीकडे साठ अंशांत तिरकी बांधतो. यंदा शेजारच्या त्यागीजींनी कबुतरांसाठी जाळी लावली आहे. आमचा तांब्या, कडुलिंब, अलकाची पैठणी, सगळा लवाजमा जाळीत अडकला. "भाईसाहब, ये बिल्कुल नहीं चलेगा!" काठी कापू म्हटलं, तर अलकाने असं पाहिलं की करवत मीच लपवली. "मग डावीकडे झुकवा," ती म्हणाली. मी (ऑफिसात फाइलवर शेरा मारतो त्या थाटात) समजावलं, की उजवीकडून मोजलं तर साठाचे एकशेवीस अंश होतात. कोन दुप्पट म्हणजे उंची दुप्पट, तांब्या छत फोडून वरच्या तिवारींच्या घरात जाईल.

उत्तरा माझ्याकडे बघतच राहिली. मग बुंधा न हलवता तिने काठी डावीकडे नेली आणि तेवढीच तिरकी धरली. दोन्ही घरांचा कठडा एकाच उंचीचा. मघाशी साखरगाठीचं टोक त्यांच्या कठड्याला जेमतेम टेकत होतं, आता आमच्या कठड्याला तसंच टेकलं! "बाबा, सेम हाइट! म्हणजे साइनपण सेम! फक्त बाजू बदलली यार!" पोर नाचायला लागली. जाळीमागून त्यागीजींनीही टाळ्या वाजवल्या.

परवा निकाल लागला. फेरपरीक्षेत तोच प्रश्न होता, आणि या वेळी तिने खोडलं नाही. पास! मामा, मला तर रडूच आलं.

तुमचा
शशिकांत

ता. क. उत्तराने पत्र वाचलं. माझी "दुप्पट उंची" पत्रातून गाळायची नाही, असा हुकूम आहे.

ता. क. २. बारावीचं गणित ती माझ्याकडून शिकायला तयार नाही, सुट्टीत मामाआजोबाच हवेत म्हणते. तुमचा तो फोन आम्ही तिच्यापासून लपवला होता, तो या पत्रातून कळलाच. "अच्छा? मग तर तेच हवेत," म्हणाली. तिकीट काढतोय. तयारीनिशी या.