आठ, चार वेळा

म्हैसूर, कुवेंपुनगर
शुक्रवार

प्रिय रक्षी,

अज्जीचा आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर बघून तू बहुतेक दारातच खाली बसली असशील. बस, पण ते कुणाचं, हे एवढ्यात मोठ्यानं म्हणू नकोस. मला तर सगळी अक्षरं सारखीच, साखरेला लागलेल्या मुंग्या. मी बोलते, समोरचा हात लिहितो. माझा एकही शब्द गाळायचा नाही, अशी शपथ आधीच घातली आहे, त्यामुळे मी इथे कुणाला गाढव म्हटलं तर तेही तुला जसंच्या तसं पोचेल.

आधी बातमी. सोमवारी दुकानातलं इंटरनेट आजारी पडलं. बंद म्हणावं तर डब्यावरचा हिरवा दिवा झकास जळत होता. पण कुठलंही पान उघडायला गेलं की ते चकरीसारखं फिरायचं आणि शेवटी सांगायचं, असं काही सापडत नाही. गौरीच्या सणाला बारा दिवस उरलेले, आणि हल्लीच्या बायका ब्लाउजचा गळा तोंडानं सांगत नाहीत, तिथूनच निवडून पाठवतात. तुझ्या अप्पानं कंपनीला फोनवर फोन केले. तिकडचा माणूस म्हणे, लाइन बरोबर आहे. मग अप्पानं डबा बंद केला, चालू केला, वायर काढून फुंकली, परत लावली. अंगारा तेवढा लावायचा राहिला. असं तीन दिवस चाललं, आणि मी काजं करत गप्प बसून होते. औषध मला ठाऊक होतं गं. पण ते सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागणार होतं, आणि ते ह्या घरात चार वर्षं कुणी घेतलेलं नाही.

तू निशांतशी लग्न करून बन्नूरला गेलीस, तेव्हापासून कुणी विचारलं, तुमची थोरली कुठे असते, की अप्पाचं एकच उत्तर, गोत्तिल्ला. मराठीत ‘ठाऊक नाही’ म्हणायला त्याची जीभ वळत नाही. आम्ही घरात मराठी बोलतो, म्हणून खोटं कन्नडात बोलायचं, असा त्याचा हिशेब असेल. आणि बन्नूर आहे तरी किती लांब? बसमध्ये घेतलेली शेंगांची पुडी संपत नाही तोवर येतं.

मापांच्या वहीचंही तुला सांगते. घरच्या माणसांची पानं सुरुवातीला असतात, तुला आठवतच असेल. तू गेलीस त्या आठवड्यात अप्पानं तुझं पान उघडून वर रेघा मारल्या. कागद फाटेपर्यंत नाव खोडलं. खालचे आकडे तसेच ठेवले. बरं, नाव मला आधी तरी कुठे वाचता येत होतं? मी टेपवर आकडे शिकलेली बाई. खांदा साडेतेरा, बाही नऊ, म्हणजे रक्षी. दर गौरीला तुला माहेरचा म्हणून जो ब्लाउज येतो ना, शेजारची वनजा बन्नूरच्या शाळेत शिकवायला जाते तिच्या पिशवीतून, तो मी त्याच पानावरून बेतलेला असतो. हे वाक्य लिहिताना समोरचं पेन जरा जोरात चाललं. चालू दे.

तर काल सकाळी अप्पा डोकं धरून मशीनवर बसला होता. मी म्हटलं, डीएनएस बघ. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मशीनच बोललं. लॉकडाउनमध्ये तू वरच्या खोलीत ऑफिसचं काम करायचीस, तेव्हा असंच झालं होतं आणि तू मला शेजारी बसवून समजावलं होतंस. अज्जी, आपण नाव सांगतो, पण कॉम्प्युटरला जायला आकडे लागतात. कुठल्या नावाचा कुठला आकडा, हे सांगायला कंपनीनं एक जण बसवलेला असतो. तो बिघडला की असं कुणी नाहीच म्हणतो. घर तिथेच असतं, रस्ताही असतो. मग त्याला विचारायचंच नाही. सगळ्या जगाला सांगणारे दुसरे आहेत, त्यांना विचारायचं. आठ, चार वेळा, मधे मधे टिंब. दुसऱ्या ओळीत एक, चार वेळा. मी म्हटलं होतं, हे तर मलाही पाठ होईल. झालं की.

अप्पानं ती जागा शोधली, आपोआप होतं ते काढलं, मी आकडे सांगितले. पान उघडलं. तीन दिवसांचे गळे आणि बाह्या धबाधबा येऊन पडल्या. त्यानं त्यांच्याकडे बघितलंच नाही. मला विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, रक्षीनं. आणि विचारतोस म्हणून सांगते, ती कुठे राहते तेही मला ठाऊक आहे. ह्यापुढे कुणीही विचारलं तरी मी सांगणार, तू तुझं गोत्तिल्ला म्हणत बस. तो उठला आणि पाण्याचा तांब्या रिकामा केला. आज जेवण झाल्यावर मी वहीतला कागद फाडून त्याच्या पुढ्यात ठेवला.

होय गं, तुझ्या अप्पाचंच अक्षर आहे हे. मंगळवारी वनजाच्या फोनवरून आपण बोलतो, तेव्हाही हे सगळं सांगता आलं असतं. पण फोनवरून माझा आवाज तेवढा आला असता, त्याचा हात आला नसता. त्याला फोन दिला असता तर तो बोललाच नसता. पेन दिलं की निदान मी बोलते ते लिहावं लागतं. तुझी अन्विता सात महिन्यांची झाली, हे त्याला ह्या ओळीपर्यंत ठाऊक नव्हतं. इथे पेन थांबलं. मी एक विड्याचं पान जमवून खाल्लं तरी थांबलेलंच. मग म्हटलं, लिही रंगा, नाक आपल्या घरचं आहे. लिहिलं त्यानं. पत्ता पण त्यानंच विचारला, घराच्या नंबरासकट. पाकीट उद्याच वनजाच्या पिशवीतून येईल. आता पोरीची मापं पाठव. गौरीला तिला झबलं शिवायचं आहे, आणि माझ्याच्यानं आता एवढा बारीक गळा शिववत नाही. माझ्या अंगठ्याखाली त्याला स्वतःची एक ओळ लिहायला सांगितली आहे. काय लिहिलं ते मला वाचता येणार नाही, तूच सांग मला मंगळवारी.

तुझीच,
सोयराअज्जी

तान्ह्या पोरीचं माप कळवून बसत नाही. टेप घेऊन रविवारी मीच येतो. स्टँडवर येऊ नकोस, ऊन असतं. घर सापडेल मला.
अप्पा