बिनआवाजाची गाडी

प्रिय आन्दोनी,

हे तुला हॉटेलातली मार्जी वाचून दाखवत असणार. मार्जी, तुझी मधेच आपल्या पदरचं काही घालून वाचायची सवय मला माहीत आहे. आज तेवढं करू नकोस, जसं लिहिलंय तसंच वाच. आणि हा उठून भटारखान्यात निघाला, तर त्याच्या मागोमाग जाऊन वाच. तिथं पाव मळताना कान तर मोकळे असतात ना त्याचे!

फोनवर तू येत नाहीस. दर वेळी मार्जीच सांगते, "तो कामात आहे, बरा आहे, तुझी खुशाली विचारलीय." इतकी वर्षं तू कामातच आहेस आणि बराच आहेस. म्हणून या वेळी लिहितेय. इकडे कोकरांचा हंगाम संपत आला. यंदा जुळी बरीच झाली. तुझा मेहुणा डेल म्हणतो, मेंढ्यांनाच आमची दया आली. घराच्या मागचं कुंपण वाऱ्याने पुन्हा आडवं केलं. बाबा असते तर त्यांनी वाऱ्याला आपल्या बास्क भाषेत शिव्या घातल्या असत्या आणि मग तुला हाक मारली असती. हाक तुलाच, मला कधी नाही. मला वाटायचं, मी मुलगी म्हणून. नंतर कळलं, तू मोटरसायकलवरून कुंपणाच्या टोकाला त्यांच्या आधी पोचायचास म्हणून.

माझा इकर आता तेरा वर्षांचा आहे. तू पाहिलास तेव्हा... नाही, तू त्याला पाहिलेलंच नाहीस. तर ऐक. लांबच लांब पाय, कोपरं बाहेर, आणि खायला बसला की दोन माणसांचं चोरिसो सॉसेज एकटा संपवतो. चौथ्या वर्षापासून मोटरसायकलवर आहे. डेलच्या भावाची जुनी पेट्रोलची छोटी डर्ट बाइक तो चालवायचा. मागच्या वर्षी बसला की गुडघे हँडलला लागायला लागले. सर्कशीतलं अस्वल दिसायचा अगदी. नवी घ्यायचीच होती. डेलच म्हणाला, "या वेळी इलेक्ट्रिक घेऊ. शेजाऱ्याच्या घोड्या आवाजाने बिथरतात आणि तो म्हातारा माझ्यावर बिथरतो." तू हसला असशील. बाबा तर म्हणाले असते, आवाज न करणारी गाडी आणि न भुंकणारा कुत्रा मला दारात नको.

मागच्या शरदात आम्ही तिघं बॉइझी शहराच्या अलीकडच्या त्या मोटरसायकलच्या दुकानात गेलो. मालकीण लोरेटा म्हणून आहे. पूर्वी स्वतः शर्यतीत उतरायची, एक पाय आखडलेला. तिने इकरला आधी कुठल्याच गाडीचा वेग विचारू दिला नाही. म्हणाली, "बस. दोन्ही पाय टेकव. टाचा वर राहिल्या तर ती तुझी गाडी नाही, तुझ्या मोठ्या भावाची आहे." इकर म्हणाला, "मला भाऊ नाही." "मग कोणाचीच नाही, उतर." मग आडवी पाडून उचलायला लावली. जी स्वतःला उचलता येत नाही ती घ्यायची नाही. इलेक्ट्रिक गाडीला क्लच नाही, गिअर नाही, मागचा ब्रेक पायात नसून सायकलसारखा डाव्या हातात. मूठ जरा पिळली की आवाजाची काही सूचना न देता पुढे झेप घेते, म्हणून ताकद कमी करून ठेवायची सोय असते आणि तिची किल्ली आईबापांकडे. मनगटाला बांधून गाडीत खोचलेली एक दोरी असते, पोरगं पडलं की ती निसटते आणि मोटर बंद. मी त्या दोरीकडे बघत राहिले. मनात आलं, आपल्या आईलाही अशी एक दोरी हवी होती.

इकरने निळी गाडी निवडली. निळी नव्हे, जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तो रंग. आनंदाने वळला आणि सरळ ऑइलच्या डब्यांच्या ढिगात घुसला. भर दुपार होती, आन्दोनी. दुकानाला भिंतभर काच. ढीग त्याच्या शेजारीच, कमरेएवढा उंच. डबे घरंगळत पार दारापर्यंत गेले. डेल हसला, "तरुण झाला, डोळे पोरींकडे!" लोरेटाही हसली. इकर लाल होऊन डबे गोळा करायला बसला आणि शेजारचा डबा सोडून लांबचे उचलायला लागला.

मी हसले नाही. मला आपल्या मेंढ्यांच्या वाड्याचं फाटक दिसलं. तू त्याच्या एवढाच होतास. मेंढ्या आत घेताना उघड्या फाटकाच्या कडेवर कपाळ आपटलंस आणि बाबा ओरडले, "डोळे काय खिशात ठेवलेत?" पुढे सगळेच तुला तेच विचारू लागले. टेबलावरचा पेला सांडला की खिशात, अंधार पडल्यावर पायरी चुकली की खिशात. तुला कडेचं दिसत नव्हतं हे घरात कोणालाच कळलं नाही. तुलाही नाही, कारण सगळ्यांना एवढंच दिसतं असं तुला वाटायचं. मी डेलला म्हटलं, "आज नको घेऊ या, रंग आवडला नाही." इकर रस्ताभर खिडकीकडे तोंड करून बसला. रंगच तर त्याला सगळ्यात आवडला होता!

मग मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी मागे बसले होते. ठिपके मला दिसत होते. कडेला चमकायचे आणि बटणाचा आवाज यायचाच नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, दाब रे, दाब. डॉक्टरबाई भली होती. तिने विचारलं, "तुमच्या माहेरी कोणाला?" मी तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली, हे आईकडून मुलात उतरतं, आईला स्वतःला बहुधा काही होत नाही. आधी अंधारातलं जातं, मग कडा, मग उरतं ते नळीतून पाहिल्यासारखं, आणि पुढे... किती वर्षांनी, ते तिला सांगता येईना. औषध विचारलं तर तिने माझ्या हातावर हात ठेवला.

तुला आठवत असेल, तू स्वयंपाकघरात आईला म्हणाला होतास, "हे तुझ्याकडून आलं." बस, एवढंच. आई त्यानंतर आपल्याबरोबर टेबलाला बसली नाही, चुलीशी उभी राहून जेवायची. मी तुला बोल लावत नाही. तुझं वय काय होतं, आणि तुझ्यावर काय येऊन पडलं होतं! पण आता मी तिच्या जागी उभी आहे. इकर हे कधी म्हणतो याची मी रोज वाट बघते. तो म्हणत नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

डेलने एकदाच सांगितलं, "गाडी बंद. जुनीसुद्धा." मी म्हटलं, "म्हणजे जे दिसतंय तेही आजच काढून घ्यायचं त्याच्याकडून?" तो म्हणाला, "माइते, तुला वेड लागलंय. पोरगं आंधळं होणार आणि तू त्याला मोटरसायकल घेऊन देणार?" एवढा मोठा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला गेला आणि इकर जिन्यात उभा होता. त्याला नीट सांगायचं आम्ही अजून ठरवतच होतो. त्याने ऐकलं ते असं.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना तो जुनी गाडी घेऊन निघून गेला. मी अंगणात उभी राहून आवाज ऐकत होते. टेकडीवर चढला, पलीकडे उतरला, आणि आवाज थांबला. मी वाट पाहिली. म्हटलं, बसला असेल रागाने. मग काळोख टेकडीवरून खाली यायला लागला आणि मला समजलं की त्याला आता आपला स्वतःचा हातसुद्धा दिसत नसणार. डेल एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, हाका मारत सुटलो. सेजच्या रानझुडपांनी पाय सोलून निघाले. कोरड्या ओढ्यात सापडला. गाडी अंगावर, गळपट्टीचं हाड मोडलेलं. शुद्धीत होता. आमच्या हाका त्याने सगळ्या ऐकल्या होत्या आणि ओ दिली नव्हती. डेलने विचारलं, "का रे, का नाही बोललास?" तो म्हणाला, "बघत होतो, जमतं का ते." काय जमतं, हे आम्ही कोणीच विचारलं नाही. मी ते आजही विचारलेलं नाही. पण त्या उत्तराला घाबरून मी त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवायला लावलंय, आणि बाबांची बंदूक डेलने शेजारच्या म्हाताऱ्याकडे नेऊन ठेवली आहे.

हाड हिवाळ्यात जुळलं. पोरगं जुळलं नाही. शाळेतून येतो, भिंतीकडे तोंड करून पडतो. धर्मगुरू आले, शाळेच्या समुपदेशक बाई आल्या, अंध मुलांच्या संस्थेतून एक फार गोड बोलणारा माणूस आला. इकर सगळ्यांना एकच म्हणाला, "तुम्हाला दिसतं. तुम्ही बोलू नका."

शेवटी डेलच एका सकाळी म्हणाला, "चल, त्या दुकानात जाऊ." तेवढ्या दिवसांत तो म्हातारा झाला आहे, आन्दोनी. आम्ही लोरेटाला सगळं सांगितलं. ती निळी गाडी मागच्या मोकळ्या आवारात घेऊन गेली, ताकद सगळ्यात खाली ठेवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. इकर मरगळल्यासारखा बसला, नुसता गोल फिरत राहिला. तिसऱ्या की चौथ्या फेरीला पत्र्याच्या भिंतीजवळ आला आणि एकदम थांबला. मागे गेला. पुन्हा आला. मग ओरडला, "आई, भिंत ऐकू येते!" चाकाखालच्या खडीचा आवाज पत्र्यावर आपटून परत येत होता. पेट्रोलच्या गाडीत हे कधी ऐकू आलंच नसतं. डेल दूर उभा राहून नुसता "इकडे, डावीकडे" म्हणायचा आणि तो हेल्मेटच्या आतून ऐकून वळायचा. कितीतरी महिन्यांनी मी त्याचे दात पाहिले.

गाडी घेतली. घरी आणली. वाळलेल्या तळ्यावर चालवायची ठरली, जिथं मैलभर आपटायला काही नाही. फक्त दिवसा, डेल पुढे, मी मागे. सकाळी सगळे तयार झालो, आणि इकर गाडीवर बसलाच नाही. हात लावून उभा राहिला. म्हणाला, "आन्दोनीमामाला कसं कळलं, कधी थांबायचं? आपण होऊन थांबला, की पडून? थांबल्यावर काय केलं त्याने? सकाळी उठून काय करतो तो?" मी म्हटलं, पाव करतो. तो म्हणाला, "आई, ते नाही विचारलं मी." आणि घरात निघून गेला. तेव्हापासून गाडीवरची धूळ कोणी पुसलेली नाही. माझ्याकडे उत्तर नाही, कारण तू आम्हाला कधीच सांगितलं नाहीस. बाबांच्या अंत्यविधीला तू चर्चच्या दाराशी आलास आणि कोणी हात धरायच्या आत परत फिरलास. मी समजून घेतलं होतं. आता नाही घेऊ शकत. माझं पोरगं माझ्या डोळ्यांदेखत जातंय आणि ते डोळ्यांचं दुखणं नाही.

हे सगळं घरी लिहिलं होतं, आता हे शेवटचं पिकअप ट्रकमध्ये, मांडीवर कागद ठेवून लिहितेय. म्हणून अक्षर हलतंय, मार्जी, सांभाळून घे. पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आन्दोनी, आम्ही तुझ्या हॉटेलसमोर, रस्त्याच्या पलीकडे उभे आहोत. पाकीट डेल आत देऊन येईल. मागे ट्रकच्या हौद्यात ती निळी गाडी बांधलेली आहे आणि पुढे माझ्या शेजारी इकर बसलाय. तू येशील असं मी त्याला सांगितलेलं नाही. तू नाही म्हणू शकतोस, हे मात्र सांगितलं आहे. तो म्हणाला, "ठीक आहे, बसू थोडा वेळ." त्याला धीर देऊ नकोस, सगळं छान होतं असं सांगू नकोस, तो असलं बोलणं वासावरून ओळखतो. शिव्या द्यायच्या तर दे. पडलास तर पडलो म्हण, अजून रडत असशील तर रडतो म्हण. फक्त दारापर्यंत ये. तुझा हात धरायला मी येणार नाही, डेलही येणार नाही. रस्ता ओलांडून तोच येईल.

तुझी, आणि आता त्याच्यासाठी तुझ्या दारात आलेली,
माइते