तरटपट्टीवरचा निकाल

रिठद, ७ मार्च १९३८

मिशनचं ट्रेनिंग कॉलेज बंद झाल्याचं कार्ड सकाळी आलं. माझं सगळं मास्तरपण तिथलंच. आमचा सरावपाठ चालू असला की मोठ्या मॅडम मागं तरटपट्टीवर, सगळ्यांत कच्च्या पोराजवळ बसायच्या. शेरा कधी लिहीत नसत, पाठ संपला की त्या पोरालाच विचारायच्या, "तुले काय समजलं?" माझ्या पहिल्या पाठाला गंगी नावाची कच्ची पोर म्हणाली, "मले काईच नाई." मी नापास! केवढा चिडलो होतो तेव्हा.

आज शाळेत पाठ संपवून मीही तरटपट्टीवर बसलो, कच्च्या सखूजवळ. विचारलं, "तुले काय समजलं?"

ती हळूच म्हणाली, "गुरुजी, तुमी फळ्याकडेच पाहून राह्यले होते. रडत होते काय?"

म्हणजे आजही नापासच. पण मॅडम, पोरीला समजलं होतं.