मखमली डबीतलं नाणं

रविवार, १९ नोव्हेंबर

प्रिय धाकटोबा,

इतके महिने पत्र नाही, माफ कर. मधे दोनदा लिहायला बसले होते, पण दोन्ही वेळा पहिल्याच पानावर तुझ्याशी इतकी भांडले की कागद फाडून टाकला. आज भांडायचं नाही असं ठरवलं आहे. कितपत जमतंय बघू.

बाबा तसे बरे आहेत. गुडघे कुरकुरतात, त्यांच्याहून जास्त ते स्वतः. डोळ्यांचं मात्र खरं नाही. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय आणि डावा त्याच वाटेवर आहे. डॉक्टरीणबाई मागच्या खेपेला चिडल्याच, "आजोबा, आणखी लांबवलंत तर मग मला बोल लावू नका!" शिंपीकामाचं दुकान विकलं तेव्हाच बाबांनी ऑपरेशनसाठी पैसे बाजूला काढले होते. माझ्याकडून ते दमडी घेणार नाहीत. त्यांचा ताठा तुला ठाऊक आहे, त्यातला निम्मा तर तुझ्याकडेच आला आहे. ते बाजूला काढलेले पैसे आता जवळजवळ संपले. ते कुठे गेले हे तुला कळलं पाहिजे.

नाण्यांत गेले. टपालाने घरपोच येणाऱ्या, संग्रहात ठेवायच्या नाण्यांत. तुला हा प्रकार माहीत असेलच, तरी सांगते. पहिलं नाणं जवळजवळ फुकटात येतं. मखमली डबी, आत सोनेरी नाणं, सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्र आणि लांबलचक माहितीपत्रक. ते ठेवून घेतलं की तुम्ही 'निवडक सदस्य' झालात. मग दर महिन्याला न मागता पुढचं नाणं येतं आणि त्याची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट असते. नको असेल तर आठवड्याच्या आत परत पाठवा, नाहीतर पैसे भरा. म्हातारं माणूस पार्सल बांधून पोस्टाच्या रांगेत उभं राहणार नाही, हे कुणीतरी थंड डोक्याने आधीच ताडलेलं असतं.

त्यातली काही नाणी पिशवीत घालून मी जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेले. त्याने भिंगसुद्धा उचललं नाही. "ताई, हे नाणं नाही, बिल्ला आहे. कुठल्याही सरकारने पाडलेलं नाही. वर नुसता मुलामा, नखाने निघेल." मी म्हटलं, "पण यावर मर्यादित आवृत्ती असं छापलंय." तो म्हणाला, "मर्यादितच की! जेवढे बकरे तेवढीच काढतात." मग माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "डबी मात्र छान आहे हो. कानातली ठेवायला होईल."

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. खचतील अशी भीती होती. पण ते माझ्यावरच उखडले. "मला काय शिकवतेस? कापडाला अंगठा लावून भेसळ सांगणारा शिंपी मी. पहिलं नाणं हातात घेतलं तेव्हाच कळलं, फुसकं आहे म्हणून." मग घेता कशाला, असं मी विचारलं. त्यांनी उशीखालून सगळी माहितीपत्रकं काढली आणि पहिलं माझ्या पुढ्यात टाकलं. "हे वाच."

'लहानपणी ताप आला की आई माझ्या कपाळावर गार नाणं ठेवायची आणि म्हणायची, ताप उतरला की हे तुझं.' अशी सुरुवात होती. आता, जगात आणखी एखादी आई असं करत असेल. पण दुसऱ्या पत्रकात शिलाई मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात झोपणारा मुलगा होता. तिसऱ्यात बटणांच्या डब्यात खाऊचे पैसे लपवणारी बहीण होती, आणि ते पैसे शोधून काढणारा भाऊही. बटणांचा डबा माझा होता, धाकटोबा. पैसे कुणी लांबवले ते मला त्या पत्रकातून कळलं.

"आई गेल्यापासून पोराने घरी एक ओळ लिहिली नाही," बाबा म्हणाले, "आता महिन्याला चार पानं लिहितो. त्याचे पैसे पडतात, तर पडू देत."

तरी माझी खात्री होईना. मी गिऱ्हाईक म्हणून कंपनीत फोन लावला. पलीकडची मुलगी फारच गोड बोलत होती. "मॅडम, आमचे मजकूर लिहिणारे सर आहेत ना, त्यांच्या स्वतःच्या घरातल्या गोष्टी असतात त्या. फार हळवे आहेत हो सर. ऑफिसात वाचून दाखवतात तेव्हा आम्हा मुलींच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं." मी विचारलं, त्याने विक्री वाढली का? "भरपूर!" म्हणाली.

त्या दिवसापासून रोजनिशीत मी एकच प्रश्न फिरवून फिरवून लिहिते आहे: माझा राग नेमका कशावर आहे? तू पोटासाठी लिहितोस हे मला कळतं. सदस्यांच्या यादीत आपल्या बापाचं नाव आहे हे तुला माहीतही नसेल. हे वाक्य मी तुझ्या बाजूने लिहिलं, पण आता वाचून बघते तर ते मला पटत नाही. कारण तुला माहीत नसलं, तरी ज्यांना तू 'प्रिय सदस्य' म्हणतोस ते सगळे कुणाचे ना कुणाचे बापच आहेत. आणि खरंच लिहायचं तर आणखी एक आहे. बाबांच्या डोळ्यांत रोज थेंब मी घालते. थेंब घालून झाले की ते डोळे पुसतात आणि उशीखाली हात घालून तुझी पत्रकं चाचपतात. माझ्या रागात याचा वाटा किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हेही सगळं मी गिळलं असतं. पण परवा नवं नाणं आलं, 'मातृस्मृती' नावाचं. बाबांना आता छापील अक्षर लागत नाही, म्हणून पत्रक मीच मोठ्याने वाचत होते. त्यात आईच्या शेवटच्या दिवशी मुलगा दवाखान्यात तिच्या उशाशी बसला आहे. तिचा हात त्याच्या हातात आहे. ती डोळे उघडते, त्याला ओळखते आणि हसते. मी तिथे अडखळले. त्या खोलीत मी होते. ती सारखी दाराकडे बघत होती, आणि तू आला नव्हतास. बाबा मात्र ताडकन उठून बसले. "बघ! आला होता तो! आपण खाली चहाला गेलो तेव्हा येऊन गेला असणार. वेडा आहे, कुणाला बोलला नाही. पण तिने बघितलं त्याला. बघितलं ना?" आई गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी पाहिला नव्हता. मी "हो" म्हटलं. पुढच्या महिन्यात तू तिचं आणखी काय विकायला काढशील, आणि मला कशाकशाला हो म्हणावं लागेल, याची मला धास्ती वाटते. म्हणून यापुढे तुमच्या कंपनीचं काहीही बाबांच्या हाती लागू द्यायचं नाही असं मी ठरवलं आहे. टपालपेटीची किल्ली आजवर त्यांच्याकडेच होती. ते रोज विचारतील, आणि माझ्याकडे द्यायला काही नसेल. तेवढ्यासाठी हे पत्र. त्यांना पत्र लिही. साध्या कागदावर, डबीशिवाय. आईच्या त्या दिवसाबद्दल काय लिहायचं ते तुझं तू ठरव. जे लिहिशील ते मी त्यांना शब्दन् शब्द वाचून दाखवीन, माझा आवाज कसाही झाला तरी.

तुझीच,
ताई

उद्याचं काम: टपालपेटीचं कुलूप बदलणे.