चिंगीच्या अंगावरचा मोर

रविवार, संध्याकाळ. पेडणे.

देवळातला वेषभूषेचा कार्यक्रम संपवून आत्ताच आले. खोटं हसून हसून गाल दुखताहेत. तो पिसारा डोळ्यांपुढून हलत नाही.

घरातली सगळी सोंगं मीच शिवते. यंदा माझ्या दियासाठी मोर केला, लग्नातली निळी साडी कापून. माझी धाकटी जाऊ सुलभा, तिने मात्र तिच्या चिंगीला म्हापशाहून परीचा तयार झगा आणला. चकचकीत. तो बघितला आणि दिया रडायलाच लागली, "आई, माका परी जाय, मोर नाका!" चिंगीला तो झगा टोचत होता. पोरींनी तिथल्या तिथे अदलाबदल केली.

दिया स्टेजवर नुसती उभी राहिली. चिंगीने पिसारा उघडला आणि सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. पहिलं बक्षीस! बायका सुलभाभोवती गोळा झाल्या. त्या पिसाऱ्यावरचा एकेक डोळा मी हाताने टाचलाय. मला वाटलं, आता ही गप्प राहणार. गप्प राहावं तिने, असंही वाटलं का मला? हो, वाटलं.

पण ती सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "आमच्या वयनीन शिवलो गो! माका सुई धरूक येना." आणि वर माझा हात धरून मला पुढे ओढलं.

आता तिच्यावर रागवायला एवढंसंही कारण तिने ठेवलं नाही. राग मात्र अजून तसाच आहे.