दोन गठ्ठे

प्रिय शंकेखोर,

अकरा वर्षांनी या नावानं हाक मारतोय, रागावू नकोस. सकाळपासून तिसऱ्यांदा हे पत्र लिहायला घेतलंय. दोन ओळी झाल्या की उठतो, खिडकी उघडतो, लावतो, आणि पुन्हा बसलो की आधी आपल्या शोधनिबंधाचा आकडा बघतो. काल दोन हजार एकशे चौदा, आज दोन हजार एकशे सतरा. एवढ्या जणांनी स्वतःच्या निबंधात आपला दाखला दिलाय. नंतर मी साठेक निबंध लिहिले, पण सगळ्यांचे मिळून एवढे दाखले नाहीत. माझी बढती, ही खोली, दारावरची पाटी, सगळं त्या एकावर उभं आहे. बायको म्हणते, नाडी बघितल्यासारखा आकडा काय बघतोस.

तू आता शाळेत गणित शिकवतेस असं कळलं. तुझ्या नजरेतून अर्धा गुणसुद्धा निसटत नसेल. आपण दवाखान्यातल्या जुन्या हस्तलिखित चिठ्ठ्या वाचायला संगणकाला शिकवत होतो. एक गठ्ठा शिकवायचा, दुसरा परीक्षेचा, आणि परीक्षेतली चिठ्ठी त्यानं आधी पाहिलेली नसावी, एवढाच नियम. गठ्ठे मी केले होते. निबंध पाठवायला चाळीस मिनिटं उरली असताना तू डबा खाता खाता पडद्याकडे बघून म्हणालीस, "ही चिठ्ठी मी शिकवायच्या गठ्ठ्यात पाहिलीये." चहा पोटात गेल्याशिवाय तुला सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच दिसतात, असं मी म्हटलं. सगळे हसले, तूही हसलीस. मी निबंध पाठवून दिला.

गेल्या सोमवारी एका अनोळखी विद्यार्थिनीचा मेल आला. आठ महिने ती आपला प्रयोग पुन्हा करून बघतेय. आपल्याला अठ्ठ्याण्णव टक्के मिळाले होते, तिला काही केल्या ऐंशीच्या वर जाता येत नाही. चूक माझीच असणार, पण कुठे ते सांगाल का, असं तिनं विचारलंय. त्या वाक्यानं माझी झोप उडवली. जुन्या फायली उघडल्या. परीक्षेतल्या बहुतेक चिठ्ठ्या दोनदा स्कॅन होऊन दोन्ही गठ्ठ्यांत गेल्या होत्या. पेपर आधीच फुटला होता, आणि आपण ते गुण मिरवत होतो. आपण कसले, मीच मिरवत होतो. लाज वाटते गं.

चूक तुमची नाही, असं तिला कळवलंय. आता निबंध मागे घ्यायचा, आणि त्या अर्जावर दोघांच्याही सह्या लागतात. माझे बाकीचे साठ राहतील, तुझा मात्र हा एकच. त्याचं पहिलं पान तुझ्या बाबांनी चौकट करून भिंतीवर लावलेलं मी पाहिलंय, म्हणून आठवडाभर हात अडत होता. कारणाच्या रकान्यात मी लिहिलंय, की ही शंका सहलेखिकेनं निबंध पाठवण्याआधीच काढली होती आणि मी ती हसण्यावारी नेली. अर्ज सोबत आहे. एकेक ओळ तपास, हव्या तेवढ्या शंका काढ, मगच सही कर. या वेळी मी थांबतो.

तुझाच,
उतावळ्या